अटलांटिकचा प्रवाह मंदावला की आपला मान्सून का ढेपाळतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत: इतक्या दूरच्या समुद्राचा आपल्या पावसाशी काय संबंध, आणि हजारो वर्षांपूर्वी असं झालं हे कशावरून कळतं.

सगळा खेळ मिठाचा आहे. उत्तर अटलांटिकमध्ये पोचलेलं खारं पाणी गार होऊन जड होतं, बुडतं, आणि त्याच्या जागी दक्षिणेकडून ऊबदार पाणी येत राहतं. आज हा ओघ सेकंदाला साधारण १.७ कोटी घनमीटर आहे. सुमारे १७ ते १६ हजार वर्षांपूर्वी कॅनडाच्या हडसन सामुद्रधुनीतून हिमनगांचे तांडे बाहेर पडले आणि वितळले. गोडं पाणी हलकं. कितीही गारठलं तरी वरच राहतं. आधीच मंदावलेला ओघ आणखी मंदावला. भर समुद्रातल्या त्या काळच्या गाळात जाडेभरडे खडे सापडतात. किनाऱ्यापासून इतक्या लांब ते हिमनगांतूनच येऊ शकतात.

उत्तरेला उष्णता कमी पडली की विषुववृत्ताजवळची हवा वरच्या थरातून ती उत्तरेकडे नेऊ लागते. तेच चक्र जमिनीलगतचं बाष्प मात्र उलट, दक्षिणेला ओढतं. थंड समुद्रावरून बाष्प कमी उठतं हे खरंच, पण पावसाचा पट्टा सरकतो तो या चक्रामुळे. म्हणून तेव्हा आज कोरड्या असलेल्या ईशान्य ब्राझीलमध्ये पाऊस वाढला आणि भारतात मान्सून दुबळा झाला.

अरबी समुद्रातला पुरावा मला सगळ्यात बोलका वाटतो. मान्सूनचे वारे जोरात असले की खालचं पोषक पाणी वर येतं, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतं, ते कुजताना खोल पाण्यातला ऑक्सिजन संपतो. तळाशी किडे जगत नाहीत, म्हणून पाकिस्तानच्या किनाऱ्यापुढच्या गाळात गडद, पानापानांसारखे थर शाबूत राहतात. वारे पडले की ऑक्सिजन परततो, किडे येतात आणि गाळ उकरून एकजीव, फिकट करून टाकतात.

मेघालयातल्या मावम्लुह गुहेतले लवणस्तंभही, म्हणजे ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचे थरावर थर साचून झालेले खांबही, तेच सांगतात, पण ते वाचताना दोन चुका फार होतात. त्यातल्या जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजनच्या जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण म्हणजे पर्जन्यमापक नव्हे; बाष्प कुठून आलं, वाटेत किती बरसलं, हेही त्यात मिसळलेलं असतं. दुसरी चूक वयाची. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाहीच, म्हणून नव्या थरातलं थोरियम शून्य धरतात आणि पुढे युरेनियमपासून हळूहळू किती थोरियम तयार झालं यावरून वय काढतात. थेंबाबरोबर माती आली की थोरियमही येतं आणि थर खऱ्यापेक्षा जुना दिसतो. अशा मातकट थराचं वय दुरुस्ती केल्याशिवाय धरू नका.