वाचकांचे प्रश्न : चित्रांचा संग्रह चाळावा की सावकाश वाचावा?

प्रश्न : अद्भुतकथा आणि साहसकथांसाठी काढलेल्या चित्रांचा एक जाडजूड संग्रह मला भेट मिळाला. एकाच बैठकीत तो पाहून झाला. पाहताना भान हरपले होते, पण दुसऱ्या दिवशी आठवू लागलो तर सगळे ड्रॅगन, सगळ्या तलवारी आणि सगळी वादळे एकमेकांत मिसळून गेलेली. चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या माणसाने असा संग्रह पाहावा तरी कसा?

उत्तर : आपल्या पाहण्यात उणे काही नव्हते, फक्त वेग फार होता. कथेची वीस-पंचवीस पाने वाचून मन तयार झाल्यावर पान उलटावे आणि चित्र समोर यावे, अशा बेताने ही चित्रे काढलेली असतात. संग्रहात मधला मजकूर गळून जातो, चित्रामागून चित्र येते आणि डोळा थकतो. म्हणून एका वेळी तीन-चार चित्रांवर थांबावे, आणि प्रत्येक चित्रापाशी एकच प्रश्न विचारावा : सबंध कथेतून चित्रकाराने नेमका हाच क्षण का निवडला असेल?

या प्रश्नाने किती काही उलगडते, ते एका उदाहरणावरून सांगतो. अमेरिकन चित्रकार हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) हे या कलेचे मोठे शिक्षक. ऐन हाणामारी दाखवण्याऐवजी तिच्या आधीचा, श्वास रोखलेला क्षण रंगवावा, म्हणजे पुढचे पाहणाऱ्याचे मन स्वतःच पुरे करते, असा त्यांच्या शिकवणुकीचा रोख होता. त्यांचे शिष्य एन. सी. वायेथ यांनी १९११ साली ‘ट्रेझर आयलंड’ या चाच्यांच्या आणि खजिन्याच्या साहसकादंबरीसाठी चित्रे काढली. त्यातल्या एका चित्रात कथेचा नायक जिम हे पोर हातात बोचके घेऊन घर सोडून निघाले आहे आणि मागे घराच्या भिंतीशी त्याची आई तोंड झाकून रडते आहे. कादंबरीत या निरोपाला जेमतेम एक वाक्य मिळाले आहे आणि आईच्या रडण्याचा तिथे उल्लेखही नाही. चाचे, खजिना, बंदुका असे सगळे हाताशी असताना वायेथ या एका वाक्यापाशी थांबले. मुलगा आपल्या दिशेने चालत येतो, आई मागे राहते, आणि तो वळून पाहत नाही, एवढ्यावर ते चित्र उभे आहे. समुद्रावरच्या साहसाची किंमत कोणी मोजली, हे मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा या चित्राने अधिक स्पष्ट सांगितले.

याच्या अगदी उलट वाट अमेरिकन चित्रकार फ्रँक फ्रझेटा (१९२८–२०१०) यांची. १९६६च्या सुमारास कोनन या रानटी योद्ध्याच्या कथांसाठी त्यांनी केलेली मुखपृष्ठे फार गाजली. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात लढाई संपून गेली आहे आणि योद्धा ढिगाऱ्यावर निश्चल उभा आहे. त्याच्या पायाखालचा ढिगारा नीट पाहा. वर योद्ध्याचे अंग ठसठशीत रंगवलेले, आणि खाली जावे तसतसे आकार तपकिरी धूसर रंगात विरघळत जातात. कवटी कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, ते कळत नाही. सगळेच बारकाईने रंगवले असते तर नजर ढिगाऱ्यात अडकली असती. कुठे रंगवायचे नाही, हे ज्याला कळते त्याच्या चित्रात नजर आपोआप हवी तिथे पोचते.

दुसऱ्यांदा पाहताना रेषेकडे वळावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्रज कथाचित्रकार आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांत झाडांच्या मुळ्या बोटांसारख्या वळतात आणि खोडांतून चेहरे डोकावतात. शाईची बारीक, थरथरती रेषा आधी, आणि तिच्यावर पातळ जलरंगाचे थर नंतर, अशी त्यांची पद्धत होती. त्या काळच्या तिरंगी छपाईत, म्हणजे तीन रंगांचे ठसे एकावर एक उमटवताना, ते किंचित सरकले, तरी काळी रेषा आकार धरून ठेवत असे. एडमंड ड्युलॅक हे दुसरे कथाचित्रकार त्यांच्यामागून थोड्याच वर्षांत पुढे आले, तोवर छपाई सुधारली होती. म्हणून त्यांना रेषेचे कुंपण लागले नाही आणि त्यांच्या रात्री नुसत्या निळ्या रंगाच्या छटांनी उभ्या राहिल्या. दोघांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर छापखान्यातल्या यंत्राचाही कलेत किती वाटा असतो, ते ध्यानात येते.

राहता राहिले आपले ड्रॅगन. त्यांचे पंख आणि ज्वाळा सोडून पाय पाहा. पंजा जमिनीत रुतला आहे का, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, मान वळली तर पाठ वळते आहे का? न पाहिलेला प्राणी खरा वाटतो तो त्याच्या वजनामुळे, आणि ते वजन पाली, वटवाघळे, घोडे यांचा कसून अभ्यास केलेल्या हातालाच साधते. ही कसोटी लावली की कोणतेही दोन ड्रॅगन आपल्याला सारखे वाटणार नाहीत.

प्रश्न : ही चित्रे प्रकाशकाच्या मागणीवरून, ठरावीक पैशांसाठी काढलेली असतात. मग त्यांना स्वतंत्र चित्रकलेच्या पंगतीला बसवावे का?

उत्तर : निःसंकोच बसवावे. हा प्रश्न खुद्द वायेथ यांनाही आयुष्यभर छळत राहिला. आपल्याला कथाचित्रकार न म्हणता चित्रकार म्हणावे, ही त्यांची तळमळ होती. पण छापील पानावर तळहाताएवढी दिसणारी ‘ट्रेझर आयलंड’ची चित्रे मुळात जवळपास चार फूट उंचीच्या कॅनव्हासवर तैलरंगात केलेली आहेत, हे कळल्यावर त्यामागची निष्ठा वेगळी सिद्ध करावी लागत नाही. मागणीची बंधने होतीच. मुखपृष्ठाच्या चित्रात वर मोकळे आभाळ दिसले, तर ती जागा बहुतेक वेळा पुस्तकाच्या नावासाठी राखलेली असते. संग्रहात नाव निघून गेलेले असते आणि ते आभाळ आपल्याला विनाकारण रिकामे वाटते. गुणी चित्रकार त्या सक्तीच्या रिकामपणातूनच एकाकीपणा किंवा धाक उभा करतो. छंदात बसवायची कविता आपण छंदामुळे कमी लेखत नाही. इथेही तोच न्याय लावावा.

प्रश्न : जुन्या पुस्तकातील आवडलेली रंगीत पाने कापून चौकटीत लावावीत असे मनात आहे. लावू का?

उत्तर : कृपया कापू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक पुस्तकांत रंगीत चित्रे वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून केवळ एका कडेने चिकटवलेली असतात आणि त्यांच्यावर पातळ कागदाचे आवरण असते. ती ओढली की चित्र फाटते आणि पुस्तकही कायमचे अपुरे होते. शिवाय भिंतीवर सतत पडणाऱ्या उजेडाने रंग फिके होत जातात. चांगल्या प्रतीची छायाप्रत काढून ती चौकटीत लावावी, मूळ पुस्तक दमट जागेपासून दूर, कपाटात उभे ठेवावे, आणि ते पातळ आवरण कितीही पिवळे पडले असले तरी टाकून देऊ नये.