टोपीमाकड आणि अ‍ॅटलास पतंग: दोघांत तुलना करण्यासारखं काय आहे?

दोघंही सह्याद्रीच्या जंगलात राहतात. एकाचा सांगाडा आत, दुसऱ्याचा कवचासारखा बाहेर, हा फरक पुस्तकात मिळेलच. मला खरी तुलना खाण्यात दिसते.

टोपीमाकड, म्हणजे आपलं लाल तोंडाचं माकड (वानर नव्हे, त्याचं तोंड काळं), दिवसभर खातं. फळं, कोवळा पाला, किडे, मिळेल ते. घाई असली की गालातल्या पिशव्यांत कोंबून पळतं आणि मग फांदीवर बसून निवांत चघळतं. अ‍ॅटलास पतंग मात्र मोठा झाल्यावर काहीच खात नाही, कारण त्याला कामाचं तोंडच नसतं! अळी असताना पाला खाऊन साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम एक-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, की संपलं. नराच्या पिसासारख्या मिशा मादीचा गंध फार लांबून टिपतात.

माकडीण एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि ते महिनोन्‌महिने पोटाशी घेऊन हिंडते. पतंगाची मादी शेकडो अंडी घालते, पण पिल्लांचं तोंडही पाहत नाही.

पावसाळ्यात कोकणात भिंतीवर वीतभर पंखांचा तांबूस पतंग दिसला तर जवळून बघा. पंखांवर पारदर्शक तिकोनी खिडक्या असतात आणि वरची टोकं थेट नागाच्या डोक्यासारखी दिसतात. फक्त हात लावू नका, पंखांवरचे खवले पावडरीसारखे निघून येतात.