मोडायचं की नांग्या भरायच्या?

प्रश्न : बाई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २३. पोलीस भरतीत मैदानीला ५० पैकी ४४ गुण होते, पण लेखीत २ गुणांनी राहिले. पेपरात ११ प्रश्न कोरे सोडले, कारण उत्तराची पक्की खात्री नव्हती. माझं आधीपासून असंच आहे. वहीत एक अक्षर खोडलं गेलं तरी पान फाडते. सामान्य ज्ञानाची वही तीनदा पहिल्यापासून लिहिली. आता चौथी आणली, पण हात धजत नाही. घरचे म्हणतात, नशिबात नव्हतं.

उत्तर : पोरी, तुझ्या पत्रात मला नशीब कुठं दिसलं नाही, ११ कोरे प्रश्न दिसले. या पेपरात चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी दोन-तीन बरोबर निघण्यासारख्या होत्या. तू तर अभ्यास केलेली मुलगी!

आमचं हिंगणघाटकडे सहा एकर वावर. शाळा सांभाळून मी शेती पाहायची. एका वर्षी मृगात सरकी, म्हणजे कपाशीचं बी, डोबली आणि पावसानं दडी मारली. उगवलं तेव्हा तासातासाला नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा. मला ते बघवेना. धुऱ्यापलीकडचे काकाजी म्हणाले, "बाई, मोडू नका. बारा आणे उगवलं आहे. नांग्या भरा." मी ऐकलं नाही. वखर फिरवला, उसनवारीनं बियाणं आणलं, सगळं पुन्हा डोबलं.

त्याच दिवसांत काकू ओटीत सरकी घेऊन त्यांच्या तासानं चालत होत्या. रिकामी जागा आली की वाकायचं, खुरपीनं ओल उघडायची, दोन दाणे टाकायचे, माती बोटानं दाबायची आणि पुढं सरकायचं. मागं वळून पाहताना मी त्यांना कधी बघितलं नाही. पोळ्यापर्यंत त्यांची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, खालीवर दिसायची. पण त्यांनी सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कापसाचा वेचा सुरू केला, तेव्हा माझी बोंडं अजून हिरवीच होती. त्या साली बियाण्याची उसनवारीसुद्धा फिटली नाही. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. पुढच्या मृगात मी काकूंच्या मागं ओटी बांधून चालले.

तुझी चौथी वही म्हणजे माझा तो वखर आहे. ती लहान भावंडाला देऊन टाक. तिसरीच काढ. चुकलं तिथं एक आडवी रेघ मार, बाजूला बरोबर ते लिही, पान फाडू नको. नांग्याही उगवणीनंतर आठ-दहा दिवसांतच भराव्या लागतात. उशीर झाला की मोठ्या झाडांच्या सावलीत मागाहून लावलेलं रोप दबून राहतं. म्हणून ते ११ प्रश्न आठवतील तेवढे आजच कागदावर उतरव, अंकगणिताचे वेगळे, व्याकरणाचे वेगळे. तुझी नांगी नेमकी कुठं आहे ते तिथंच कळेल.

रविवारी घड्याळ लावून ९० मिनिटांत १०० प्रश्नांचा एक जुना पेपर सोडव. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, शंका असली तरी. आईला सांग, त्या वेळात पाणी भरायला हाक मारू नका.

किती गुण पडले ते मला कळव. आकडा कमी आला तरी तोच लिही, आणि कार्डावर खाडाखोड झाली तर तसंच टपालात टाक.