नॅकचा ग्रेड आहे, पण सनद मिळेल का?

प्रश्न : ताई, मुलगी बारावीनंतर पाच वर्षांच्या वकिलीच्या कोर्सला जायचं म्हणतेय. एका कॉलेजात चौकशी केली. नॅकचा 'ए' ग्रेड आहे, विद्यापीठाचं संलग्नीकरण आहे, म्हणाले. बार कौन्सिलच्या मान्यतेचं विचारलं तर 'प्रक्रिया चालू आहे, आधी फी भरा' असं उत्तर मिळालं. काय करू?
– एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, मान्यतेचं पत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

नॅक कॉलेजचा दर्जा पाहतं, विद्यापीठ पदवी देतं. पण सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून उभं राहायचं तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हवी. ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते, आणि त्यासाठी पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाला मान्य असावी लागते. हा अधिकार 1961 च्या अधिवक्ता कायद्यातला आहे. पुढे ऑल इंडिया बार परीक्षाही असते, पण तिची काळजी आत्ता नको.

माझ्याकडे सटाण्याकडचा एक मुलगा ज्युनियर म्हणून आला होता. हुशार, ड्राफ्टिंग नेटकं. परराज्यातल्या कॉलेजची पदवी घेऊन आलेला. त्याने प्रवेश घेतला त्या वर्षी कॉलेजची मान्यता संपलेली होती, नूतनीकरण झालंच नव्हतं. सनदेचा अर्ज अडकला. दीड वर्ष तो माझ्या फायली घेऊन कोर्टात फिरला, पण वकीलपत्रावर त्याचं नाव लागलं नाही. त्याची आई दर शनिवारी मला फोन करायची. तिला काय सांगावं, मला कळायचं नाही. चूक कॉलेजची होती आणि वर्षं त्या पोराची गेली, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून पत्रातलं वर्ष नीट वाचा. मान्यता ठरावीक मुदतीची असते, तुमच्या मुलीचं प्रवेशाचं वर्ष तिच्यात बसायला हवं. तीन वर्षांच्या कोर्सची मान्यता पाच वर्षांच्या कोर्सला चालत नाही. तुकड्या किती मंजूर आहेत तेही बघा. नियमाने एका तुकडीत साठच विद्यार्थी घेता येतात. मग कॉलेजचं तेच नाव बार कौन्सिलच्या यादीत आणि राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या प्रवेशफेरीत आहे का, ते ताडून पाहा.

आणि हो, 'प्रक्रिया चालू आहे' हे कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागा. द्यायला कचरले, तर मुलीला दुसऱ्या कॉलेजचा पर्याय भरायला सांगा.