टॉमी वॉल्श एक नव्हे, तीन

तुम्ही लेखाचा जो कच्चा खर्डा इथे टाकलाय, तो दोनदा वाचला. त्यात टॉमी वॉल्शबद्दल असं आहे: आयर्लंडमधल्या किल्केनी काउंटीकडून (काउंटी म्हणजे जिल्हा) हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळात नऊ ऑल-आयर्लंड पदकं (ही काउंट्यांची देशपातळीवरची स्पर्धा), २००९ मध्ये केरी काउंटीकडून गेलिक फुटबॉलचं, म्हणजे हात-पाय दोन्हींनी खेळायच्या आयरिश फुटबॉलचं विजेतेपद, मग ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळाडू, आणि २०२२ मध्ये पुन्हा किल्केनीकडून अंतिम सामना. शेवटी तुम्ही विचारलंय, की जन्म १९८३ चा असेल तर एकोणचाळिसाव्या वर्षी हे जमलं कसं?

शंका अगदी बरोबर आली तुम्हाला. ही तीन माणसं आहेत. तिघंही टॉमी वॉल्श, तिघंही एकाच संघटनेच्या, म्हणजे आयर्लंडचे हे देशी खेळ चालवणाऱ्या गेलिक संघटनेच्या छत्राखाली खेळलेले, तिघंही डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामना खेळलेले. आंतरजालावर शोधलं की तिघांची माहिती एकाच ढिगात येऊन पडते.

मी नोकरीनिमित्त आठ वर्षं वॉटरफर्डला होतो. किल्केनी ही शेजारचीच काउंटी. हर्लिंग तिथे नुसतं बघायचा खेळ नाही. गावातली पोरं शाळेत जाताना हातात हर्ली घेऊन जातात आणि दुकानाच्या भिंतीवर स्लिटर आपटत बसतात. हर्ली म्हणजे ॲश लाकडाची, टोकाला पसरट होत जाणारी काठी. स्लिटर म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅमचा कातडी चेंडू, वरच्या शिवणीच्या कडा उभ्या राहिलेल्या. हिवाळ्यात तो चेंडू एकदा उघड्या तळहातावर झेलून बघा, संध्याकाळपर्यंत हात झिणझिणतो. या खेळाचे पैसे मिळत नाहीत. काउंटीकडून ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी सकाळी आपल्या नोकरीवर हजर असतो. म्हणून नावांचा घोळ मला हलका वाटत नाही. त्या माणसाकडे कमाई म्हणून पदकं आणि नाव एवढंच असतं. दोघांची चरित्रं एकत्र केली, तर एकाला न केलेल्या कामगिरीचं श्रेय मिळतं आणि दुसरा पुसलाच जातो.

आता एकेक टॉमी घेऊ.

पहिला टॉमी वॉल्श किल्केनी काउंटीतल्या टुलारोन क्लबचा, जन्म १९८३. तुमची नऊ पदकं याची. २००३ ते २०११ अशी सलग नऊ वर्षं त्याला ऑल-स्टार सन्मान (वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड) मिळाला आणि तोही पाच वेगवेगळ्या जागांवर खेळून. २००९ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला. ब्रायन कोडी प्रशिक्षक असताना किल्केनीने २००६ ते २००९ सलग चार वर्षं विजेतेपद राखलं, त्या संघाचा हा कणा. बहुतेक वेळा उजव्या बाजूचा हाफ-बॅक, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतला. उंची बेताचीच. पण उंच आलेल्या चेंडूखाली तीन-चार हर्ली एकमेकींवर आपटत असायच्या आणि त्यातून याचा हात वर यायचा तो मुठीत चेंडू घेऊनच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटं मोडायची भीती असते तिथे, आणि हा नजर चेंडूवरून हलवायचा नाही. २०१४ मध्ये त्याने काउंटीकडून खेळणं थांबवलं.

दुसरा टॉमी वॉल्श केरीचा, ट्रली शहरातल्या केरिन्स ओ'रॅहिलीज क्लबचा, जन्म १९८८. हा गेलिक फुटबॉलपटू, अंगाने धिप्पाड, फॉरवर्ड. वडील शॉन वॉल्श हेसुद्धा केरीकडून ऑल-आयर्लंड जिंकलेले. तुमचा गोंधळ मुख्यतः २००९ मुळे झालाय आणि त्यात तुमची काहीच चूक नाही. ६ सप्टेंबर २००९ ला क्रोक पार्कवर किल्केनीने टिपेरेरीला २-२२ विरुद्ध ०-२३ असं हरवलं. (आधीचा आकडा गोलांचा, एक गोल म्हणजे तीन गुण. नंतरचा आकडा गोलच्या आडव्या दांडीवरून मारलेल्या एकेका गुणाचा.) दोनच आठवड्यांनी, २० सप्टेंबरला, त्याच मैदानावर केरीने कॉर्कला ०-१६ विरुद्ध १-९ असं हरवलं आणि त्यात या दुसऱ्या टॉमीने चार गुण मारले. पंधरवड्याच्या आत, एकाच मैदानावर, दोन टॉमी वॉल्श ऑल-आयर्लंड विजेते! वर्तमानपत्रांची कात्रणं साल लावून ठेवणाऱ्या कोणाचाही गोंधळ उडेल.

त्यानंतर केरीचा टॉमी ऑस्ट्रेलियाला गेला, आधी सेंट किल्डा क्लबकडे, मग सिडनी स्वान्सकडे. तिकडचा फुटबॉल लंबगोल चेंडूने खेळतात, पण उंच उडी मारून चेंडू झेलणं आणि हातातून सोडून लाथेने मारणं हे गेलिकच्या जवळचं आहे, आणि तिथे पगार मिळतो. म्हणून आयर्लंडची चांगली पोरं तिकडे ओढली जातात. त्याच २००९ च्या केरी संघातला टाईग केनेली उलट्या दिशेने आला होता. सिडनीकडून २००५ चं विजेतेपद जिंकून तो घरी परतला आणि केरीकडून ऑल-आयर्लंड जिंकला. टॉमीच्या वाट्याला तसं यश आलं नाही. मांडीमागच्या स्नायूच्या भयंकर दुखापतीने त्याची तिकडची वर्षं खाल्ली. तरी तो परत आला, २०१५ मध्ये केरीच्या संघात होता आणि मध्ये खंड पडून २०१९ मध्ये पुन्हा आला. इतकं मोडून परत उभं राहणं मला पदकाइतकंच मोठं वाटतं. तुमच्या खर्ड्यात हे सगळं पहिल्या टॉमीच्या नावावर अर्ध्या वाक्यात गेलंय, म्हणून इतकं लिहिलं.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची कारकीर्द ताजी आहे. हा किल्केनीचा कॉर्नर-बॅक, म्हणजे गोलजवळच्या कोपऱ्यातला बचावपटू. १७ जुलै २०२२ च्या अंतिम सामन्यात तो खेळला. लिमरिकने तो सामना १-३१ विरुद्ध २-२६ असा दोनच गुणांनी जिंकला. तुमचा २०२२ चा उल्लेख याचा. आणि हाही टुलारोनचाच!

इथे माझा नेहमीचा नियम मोडतो. नियम साधा आहे: आयर्लंडमध्ये खेळाडूचं नाव ऐकलं की आधी क्लब विचारायचा. सदऱ्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो, आणि तो आकडाही माणसाचा नसून जागेचा असतो. १ म्हणजे गोलरक्षक, ५ म्हणजे उजवा हाफ-बॅक, मग तिथे कोणीही खेळो. पण संघाची यादी छापताना प्रत्येक नावापुढे कंसात क्लब असतो. क्लब म्हणजे बहुतेक ठिकाणी पॅरिश, चर्चच्या हद्दीतली चार-दोन गावं. माणूस जन्मला त्या पॅरिशच्या क्लबकडून खेळतो आणि सहसा तिथेच म्हातारा होतो. तो कंस हेच त्याचं खरं आडनाव समजा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागतं. दोन्ही टॉमी एकाच क्लबचे निघाले, तर मात्र साल लागतं.

काउंटी बघितली तरी अर्धं काम होतं. किल्केनी वरिष्ठ फुटबॉल स्पर्धेत उतरतच नाही, तिथे सगळा जीव हर्लिंगमध्ये. केरी म्हणजे फुटबॉल, हर्लिंग उत्तरेकडच्या थोड्या भागात. त्यामुळे 'किल्केनीचा टॉमी फुटबॉलमध्येही जिंकला' असं कुठे वाचलं की तिथेच थांबायचं. कॉर्कला हे लागू नाही, तिथे दोन्ही खेळ जोरात आहेत. जॅक लिंच याने १९४१ ते १९४६ सलग सहा ऑल-आयर्लंड पदकं मिळवली, पाच हर्लिंगची आणि १९४५ चं फुटबॉलचं. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. तो एकच माणूस आहे बरं, तिथे शंका घेऊ नका.

कॉर्कचंच दुसरं उदाहरण ब्रायन मर्फीचं. एक ब्रायन मर्फी नेमो रेंजर्स क्लबचा. १९७३ मध्ये फुटबॉलचं आणि १९७६, ७७, ७८ असं सलग तीन वर्षं हर्लिंगचं विजेतेपद त्याच्या नावावर. दुसरा ब्राइड रोव्हर्सचा, २००४ आणि २००५ च्या विजेत्या हर्लिंग संघातला. एकच काउंटी, एकच लाल सदरा, आणि दोघंही कॉर्नर-बॅक! नुसतं 'ब्रायन मर्फी, कॉर्क, कॉर्नर-बॅक' असं लिहिलं तर कोणता ते कळायला मार्गच नाही. कंसातला क्लब लिहिला की प्रश्न मिटला.

इतकी सारखी नावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लेखात दोन ओळी याव्यात. मर्फी हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. केली, ओ'सलिव्हन, वॉल्श हीसुद्धा वरच्या काही आडनावांत. वॉल्शचं आयरिश रूप ब्रॅनख, म्हणजे वेल्सकडून आलेला. ११६९ नंतर नॉर्मन सरदारांबरोबर वेल्समधून लोक आले, ते आग्नेय किनाऱ्याने आत पसरले आणि आजही किल्केनी-वॉटरफर्डकडे वॉल्श पैशाला पासरी. त्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. पण आपण मध्ये वडिलांचं नाव घालतो, म्हणून दोन संजय पाटील हजेरीपटावर वेगळे राहतात. त्यांच्याकडे ती सोय नाही. बापलेकांचं नाव एक असलं तर मुलाच्या नावाला 'ओग' जोडतात, म्हणजे धाकटा. कॉर्कचा गोलरक्षक डोनल ओग क्युसॅक तसाच. शॉन ओग ओ हॅल्पीनही तसाच. त्याचे वडील शॉन फर्मॅना काउंटीचे, आई फिजीतल्या रोटुमा बेटावरची, याचा जन्मही तिथलाच, आणि २००५ मध्ये कॉर्कचा कर्णधार म्हणून करंडक उचलल्यावर त्याने सगळं भाषण आयरिश भाषेत केलं. 'ओग' हे मधलं नाव समजून गाळू नका, तुमच्या खर्ड्यात एका ठिकाणी ते गळलंय.

काही वेळा टोपणनावच कामी येतं. वॉटरफर्डचा मायकल वॉल्श, स्ट्रॅडबॅली क्लबचा, याला कोणी मायकल म्हणतच नाही, 'ब्रिक' म्हणतात. २००८ च्या अंतिम सामन्यात तो वॉटरफर्डचा कर्णधार होता. समोर किल्केनीत आपला पहिला टॉमी वॉल्श. वॉटरफर्ड फार वाईट हरलं, ३-३० विरुद्ध १-१३. हा ब्रिक किल्केनीच्या मायकल वॉल्शशी मिसळू नका. तो १९९२ आणि ९३ च्या विजेत्या किल्केनी संघाचा गोलरक्षक, आणि त्या दोन्ही वर्षी संघाचा प्रशिक्षक त्याचा बाप, ऑली वॉल्श, जो स्वतः नामांकित गोलरक्षक होता.

क्लेअरमध्ये दोन फिट्झजेराल्ड आहेत. डेव्ही फिट्झजेराल्ड सिक्समाइलब्रिजचा गोलरक्षक. १९९५ च्या मन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टी मारायला तो सगळं मैदान पार करून पुढे गेला, गोल मारला आणि तसाच जिवाच्या आकांताने धावत आपल्या गोलपाशी परत आला. क्लेअरने त्या वर्षी १९१४ नंतर पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं. २०१३ मध्ये क्लेअर पुन्हा जिंकलं, तेव्हा प्रशिक्षकही तोच. पण २०२४ मध्ये क्लेअरने कॉर्कला जादा वेळेत एका गुणाने हरवलं, तेव्हा मैदानात होता तो डेव्हिड फिट्झजेराल्ड, इनाह-किल्नमोना क्लबचा. त्या वर्षीचा प्रशिक्षक होता ब्रायन लोहन, १९९५ मध्ये डेव्हीच्या पुढ्यात फुल-बॅक खेळलेला.

ही चूक माझ्याकडूनही झालीय, म्हणून शेवटी केविन मोरानबद्दल सांगतो. ३ सप्टेंबर २०१७ ला वॉटरफर्ड अंतिम सामन्यात होतं. १९५९ नंतर करंडक आलेला नाही. कचेरीत आठवडाभर पांढरे-निळे झेंडे लागलेले. कर्णधार केविन मोरान, डी ला साल क्लबचा. मी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला म्हणालो, "मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला माणूस अजून कर्णधार आहे, कमाल आहे." तो माणूस रागावला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "तो डब्लिनचा. आमचा इथल्या शाळेत शिकलेला."

डब्लिनचा केविन मोरान १९७६ आणि ७७ मध्ये गेलिक फुटबॉलचं ऑल-आयर्लंड जिंकला. मग मँचेस्टर युनायटेडला गेला. १९८५ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मैदानाबाहेर काढला गेलेला पहिला खेळाडू तोच. युनायटेडने दहा जणांत एव्हर्टनला १-० हरवलं, आणि त्याचं पदक आधी रोखून नंतर दिलं गेलं. त्याच्या तरुणपणाच्या थोडंच आधीपर्यंत असं दोन्हीकडे खेळणं शक्यच नव्हतं. सॉकर (आपण फुटबॉल म्हणतो तो), रग्बी, क्रिकेटसारखे 'परदेशी' खेळ खेळणाऱ्यावर गेलिक संघटनेची बंदी होती, ती १९७१ मध्ये उठली. वॉटरफर्डच्या केविनने २०१७ च्या त्या सामन्यात एक गोल मारला. गॉलवे ०-२६, वॉटरफर्ड २-१७, तीन गुणांनी हार. सोमवारी तो ज्येष्ठ सहकारी कामावर आला, एक शब्द बोलला नाही. झेंडा मात्र त्याने काढला नव्हता.

आता तुमच्या खर्ड्यापुरतं. टॉमीचा परिच्छेद तीन तुकड्यांत फोडा. प्रत्येक नावाच्या पहिल्या उल्लेखापुढे कंसात क्लब आणि काउंटी द्या, टुलारोनच्या दोघांना वर्षंही द्या: 'टॉमी वॉल्श (टुलारोन, किल्केनी, २०१४ पर्यंत)'. दुसऱ्या टुलारोनकराचं जन्मसाल लिहू नका, '२०२२ च्या संघातला' एवढं पुरे. मधल्या टॉमीचा ऑस्ट्रेलियाचा भाग अर्ध्या वाक्यावरून निदान एका परिच्छेदावर न्या. सुधारलेला खर्डा टाका, मी ओळीने तपासून देतो.