वाचकांचे प्रश्न : निधीला पाठिंबा मिळाला, मग रस्ता का अडला?

प्रश्न : आमच्या भागातील एका अधिकाऱ्यांनी रस्ते व मलवाहिन्यांसाठी निधी तातडीने द्यावा, अशी जाहीर भूमिका घेतली आहे. अशा पाठिंब्याला प्रत्यक्षात किती अर्थ असतो?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अर्थ निश्चित असतो, परंतु पाठिंबा म्हणजे मंजुरी नव्हे. महापालिकेच्या कामाला अंदाजपत्रकात तरतूद, प्रशासकीय मान्यता (काम व त्याच्या खर्चाला संमती), तांत्रिक मंजुरी (आराखडा व अंदाजित खर्चाला अभियंत्यांची संमती), निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश असे टप्पे ओलांडावे लागतात, आणि यांपैकी एखादी फाईल टेबलावर पडून राहिली की पैसा असूनही काम उभे राहत नाही. शासकीय अनुदान बहुधा हप्त्यांनी येते व आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेले नाही, तर पुढचा हप्ता अडतो. हे प्रमाणपत्र पाठविणे स्थानिक यंत्रणेच्याच हाती असते, हे सहसा भाषणात सांगितले जात नाही!

घाईची मागणी मात्र रास्त आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की डांबरीकरण थांबते, त्यामुळे मार्चअखेर मिळालेल्या निधीला हाती जेमतेम दोन महिने उरतात. 2027 च्या सिंहस्थाचा विचार करता गोदाकाठच्या पंचवटीला हा हिशेब अधिकच लागू पडतो.

आपण त्या अधिकाऱ्यांना कामाची प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची आहे, हे लेखी विचारावे. उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये अर्ज करता येतो.