शेजारच्या बाल्कांवातली कुजबूज

*'ताई, माझं माहेर सावंतवाडीचं, सासर गोव्यात बार्देशातल्या एका गावात. नवरा तारवटी, वर्षातले सात-आठ महिने बोटीवर. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी म्हापशाला न्यावं लागतं. नवऱ्याचा लहानपणचा मित्र त्याच्या गाडीतून नेतो-आणतो. शेजारच्या आंटीजवळ मी एकदा मन मोकळं केलं होतं, एकटं वाटतं म्हणून रडले होते. आता गावभर झालंय की नवरा तारवार गेलाय आणि हिचं काय चाललंय बघा. पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत आला की गेटाशी जमलेल्या बायका मला बघून गप्प होतात. चर्चमधलं कॉयर (गायनवृंद) सोडलं. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मागच्या बाकावर बसते आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत निघते. रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणते, तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतो का? आणि हे नवऱ्याच्या कानावर गेलं तर?'*

ताई म्हणालीस, म्हणून 'तू'च म्हणते.

'निंदकाचं घर असावं शेजारी' हे ज्यांच्या शेजारी निंदक नसतो त्यांना फार आवडतं. तुझ्या घराला तर ते अगदी लागूनच आहे, तेव्हा तो उपदेश राहू दे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं आधी बोलू, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. नवऱ्याच्या कानावर हे जाणारच. बोटीवरही व्हॉट्सॲप पोचतं, आणि गावातला कुणीतरी 'तुझ्या काळजीपोटी' म्हणून लिहीलच. तेव्हा त्याआधी तू सांग. पुढचा फोन येईल तेव्हा सासऱ्यांची तब्येत सांगून झाली की सरळ सांग: आंटीनं असं असं पसरवलंय, मला त्रास होतोय, तुला माझ्याकडून कळावं म्हणून सांगते. रडू आलं तर येऊ दे, पण निर्दोष असल्याचा खुलासा देत बसू नकोस. मित्रालाही नवऱ्यानंच एक फोन करून 'बाबांना नेतोस, उपकार आहेत' म्हणावं. गाडी बंद करू नकोस. आज गाडी बंद केलीस तर उद्या 'बघा, पकडली गेली' असं म्हणतील, आणि भोगतील मात्र सासरे.

आता विश्वासाचं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं पंचावन्नावं स्तोत्र काढ. दाविद राजाच्या नावावरचं आहे. भीतीनं थरकाप सुटलाय, कबुतरासारखे पंख असते तर उडून रानात गेलो असतो, असं तो देवालाच सांगतो. मिस्सा संपायच्या आत निघून जाणं याहून वेगळं काय आहे? पुढे त्याचं खरं दुखणं बाहेर येतं. निंदा करणारा शत्रू असता तर सोसलं असतं, पण तो माझा सोबती होता, आम्ही मिळून देवाच्या घरी जात होतो. म्हणजे त्याचीही आंटीच होती म्हण. हे सगळं बोलून झाल्यावर तो आपला भार परमेश्वरावर टाकायला सांगतो. भीती गेल्यावर प्रार्थना करायची, असा क्रम तिथे नाही. तेर्स म्हणताना मणी पुढे सरकतात आणि डोक्यात आंटी फिरते, तर तिचं नाव घेऊनच देवाशी बोल. रागानं बोललीस तरी चालेल. त्या स्तोत्रातही राग भरपूर आहे.

बायबलमधला माझा स्वतःचा आवडता मात्र नहेम्या. यरुशलेमची पडलेली भिंत तो बांधत होता, तर विरोधक सनबल्लटानं त्याला उघडं पत्र पाठवलं. उघडं अशासाठी, की वाटेत कुणीही वाचावं. त्यात काय, तर 'लोकांत बोललं जातंय, गेशेमही तेच म्हणतो' (हा दुसरा विरोधक) की तुम्ही बंड करणार आणि तू राजा होणार. कुजबुजीची भाषा बघ, काडीइतकी बदललेली नाही! नहेम्यानं एका ओळीत उत्तर दिलं: असं काही नाही, हे तू मनानं रचतो आहेस. मग 'माझे हात बळकट कर' एवढीच प्रार्थना केली आणि कामाला लागला. भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली. तो घरोघर खुलासे करत फिरला नाही. तूही फिरू नकोस. गेटाशी बायका गप्प झाल्या तर पाव घे, 'देव बरे करूं' म्हणून आभार मान आणि आत ये.

आंटीकडे मात्र जावंच लागेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलंय: भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने, त्यानंतर चर्चच्या मंडळीकडे. आपण बहुतेक हे उलट्या क्रमानं करतो. पोप फ्रान्सिस ६ सप्टेंबर २०२० रोजी याच वचनावर बोलताना म्हणाले होते की कुजबूज ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. तेव्हा दुपारी ती एकटी असताना जा, बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसू नकोस, आत बस. एवढंच म्हण: 'मी तुमच्याजवळ रडले होते, ते बाहेर गेलंय आणि त्यात खोटं मिसळलंय. मला लागलंय. हे थांबवा.' ती कानांवर हात ठेवील, ते धरूनच चल. पुन्हा झालं तर सासूबाईंच्या वयाच्या एखाद्या समजूतदार बाईला बरोबर घेऊन जा, आणि त्यानंतर फादरांना सांग. क्षमा कर म्हणून मी आजच तुझ्या मागे लागणार नाही. क्षमा केलीस तरी तिला पुन्हा गुपितं सांगायची असा त्याचा अर्थ नाही.

कॉयरमध्ये या रविवारी परत जा. झोप आणि जेवणच उडालं असेल तर डॉक्टरांना दाखव. त्यानं विश्वासाला बाधा येत नाही.

आणि हो, पत्राच्या शेवटी आंटीच्या मुलीबद्दल तू दोन वाक्यं लिहिली होतीस, ती मी छापली नाहीत. खरी असतीलही. पण कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४७७व्या परिच्छेदात खोटा आळ घेण्याच्या शेजारीच दुसऱ्याची खरी उणी बाजू विनाकारण उघडी करणंही दोष म्हणून मांडलंय. आंटीच्या घरी जाशील तेव्हा ती दोन वाक्यं जिभेवर येतील. गिळून टाक.